ग्रिंडेलवाल्ड-वेंगेन: निळी, लाल, काळी रन. रंगावर किती भरवसा ठेवायचा?

सह्यवेडा

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चौघे जण चार दिवस स्कीइंगसाठी स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला जातोय. (रन म्हणजे स्कीने उतरायची आखलेली वाट.) दोघांचा गुलमर्गला आठवडाभराचा कोर्स झालाय. पिझ्झा करून (स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली) थांबता येतं, वळता येतं, पण स्की समांतर ठेवून वळणं अजून अर्धंकच्चं. एक जण पूर्ण कोरा. चौथी लाल रन आरामात उतरते आणि तिला लाउबरहॉर्नच्या प्रसिद्ध स्की-शर्यतीची वाट बघायची आहे.

नकाशावर क्लाइने शाइडेग (खिंड) आणि मेनलिशेन (डोंगरमाथा) यांच्या बाजूला निळ्या-लाल रेघांचं जाळं दिसतंय. प्रश्न तीन:

१) स्वित्झर्लंडची निळी म्हणजे नेमकी किती सोपी? फ्रान्समध्ये हिरवी असते, इथे ती दिसत नाही.
२) कोऱ्या माणसाला वर न्यायचं की गावातच ठेवायचं?
३) मधेच लक्षात आलं की रन झेपत नाही, तर खाली कसं यायचं?

रॅकपिनियन

पहिल्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर आधी. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत निळ्या रनचा उतार २५ टक्क्यांपर्यंत, लालचा ४० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळी. मोकळ्या जागेतले छोटे तुकडे याहून तीव्र असले तरी चालतात, आणि गोम तिथेच आहे. टक्के म्हणजे अंश नव्हेत. १०० मीटर आडवं गेल्यावर २५ मीटर खाली, हा झाला २५ टक्के, कोनात साधारण १४ अंश. ४० टक्के म्हणजे जेमतेम २२ अंश. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बोरघाटात रेल्वे १:३७ ने चढते, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत.

डोळ्यांनी अंदाज घ्यायचा तर तिथलीच रेल्वे बघा. लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे क्लाइने शाइडेगला आणि पलीकडे ग्रिंडेलवाल्डला उतरणारी वेंगेर्नआल्प रेल्वे १८९३ पासून दातेरी रुळावर चालते, आणि तिचा सगळ्यात तीव्र चढ बरोबर २५ टक्के आहे. युंगफ्राउयोखला जाणारे आपले टूर ग्रुप याच गाडीत बसलेले असतात. त्या तीव्र टप्प्यावर खिडकीची चौकट आणि बाहेरच्या घराची भिंत यांच्यातला कोन बघून ठेवा. निळ्या रनची कमाल मर्यादा ती. त्यावर पिझ्झा धरून उतरता येतं, पण मांड्या भरून येतात.

आता रंग काय सांगत नाही ते. रंग ठरतो उतार आणि रुंदीवरून, तोही रन नीट सारखी केलेली आहे असं धरून. बर्फ कडक आहे की भुसभुशीत, गर्दी किती, उजेड कसा, रन संपते कुठे, यातलं काहीच त्यात नाही. सकाळी नऊला मशीनने पन्हाळी पत्र्यासारख्या रेघा ओढून ठेवलेली लाल रन ही दुपारी साडेतीनच्या उंचवटे आणि बर्फाचे चट्टे पडलेल्या निळीपेक्षा सोपी असते. फेब्रुवारीत स्विस शाळांच्या स्की-सुट्या असतात, त्यामुळे दुपारपर्यंत रन उकरली जाणार हे धरूनच चला.

सरासरी उताराच्या आकड्याला तर अजिबात भुलू नका. लाउबरहॉर्नची डाउनहिल वाट २३१५ मीटरवर सुरू होऊन १२८७ वर संपते. १०२८ मीटरचा उतार जवळजवळ साडेचार किलोमीटरमध्ये वाटला की सरासरी २५ टक्क्यांच्या आतच येते. हिशेबाने निळी! पण त्याच वाटेवर हुंडशोप्फचा कडा आहे, जिथे स्पर्धक अक्षरशः हवेत जातात, आणि हानेगशुसचा सरळ उतार आहे, जिथे २०१३ मध्ये ताशी १६१.९ किलोमीटर वेग मोजला गेला. माणूस सरासरीवर पडत नाही. पडतो तो सगळ्यात तीव्र पन्नास मीटरवर.

हिरवी नाही म्हणून घाबरू नका. फ्रान्स ज्याला हिरवी म्हणतं तेही इथे निळ्यातच येतं. म्हणजे इथली निळी हा फार मोठा डबा आहे: एका टोकाला गच्चीसारखी सपाट, दुसऱ्या टोकाला चांगली तीव्र. कुठली कुठे, ते लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला किंवा स्की-शाळेच्या काउंटरवर विचारा. त्यांना त्या सकाळचं ठाऊक असतं.

शेवटचीखुर्ची

दोन आणि तीनचं उत्तर एकत्रच देते, कारण या भागात ‘खाली कसं यायचं’ यावरूनच ‘वर कुठे जायचं’ ठरवावं. रंग नंतर.

कोऱ्या माणसासाठी पहिला दिवस बोडमी. गावाला लागूनच, सरकत्या पट्ट्याने वर जायचं, छोट्या उतारावरून खाली. पट्टा महत्त्वाचा आहे. ओढून नेणाऱ्या टी-बारवर नवखा माणूस हमखास त्यावर ‘बसतो’, आणि बसला की पडतो. टी-बार बसायला नसतोच. तो मांडीमागे टेकवायचा, पाय सरळ आणि सैल ठेवायचे, स्की समांतर, नजर पुढे. पडलात तर ताबडतोब बाजूला सरका, मागची जोडी येतच असते.

गुलमर्गवाल्या दोघांसाठी मेनलिशेन. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल या खालच्या स्टेशनहून गोंडोला साधारण २० मिनिटांत सव्वादोन हजार मीटरवर सोडतो. माथ्याखालचे उतार रुंद, मोकळे आणि बहुतेक निळे-लाल. सकाळचे दोन तास वरच्या खुर्ची-लिफ्टांवरच फिरा, तेच तेच उतार पुन्हा पुन्हा. नव्या रनचा सोस नको. दमलात तर गोंडोलानेच खाली. होलेनश्टाइनला मधलं स्टेशन आहे, तिथवर स्कीवर येऊन पुढे केबिनमध्ये बसता येतं.

आता चूक कुठे होते ते. दुपारी चारला चौघांचं ठरतं, ‘चला, शेवटची रन थेट ग्रुंडपर्यंत.’ नकाशावर रंग सौम्य दिसतो. पण मेनलिशेनचा माथा ते ग्रुंड म्हणजे जवळजवळ १३०० मीटरची उतरण. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून जितका उंच, साधारण तितकी. ग्रुंड, म्हणजे दरीच्या तळाचं स्टेशन, आहे ९४४ मीटरवर. खालच्या टप्प्यात दिवसभर वितळलेलं पाणी सावली पडताच गोठायला लागतं, वाट अरुंद होते, आणि सगळा डोंगर त्याच वेळी त्याच वाटेने घरी निघालेला असतो. पाय दमलेले, बर्फ कडक, मागून वेगाने येणारे लोक. ही निळी-लाल नव्हे, ही चाचणी परीक्षा आहे. ती सकाळी अकराला करा, नाहीतर करूच नका.

क्लाइने शाइडेगच्या बाजूला रेल्वे हा हुकमी पत्ता. ग्रिंडेलवाल्डकडे उतरताना रुळाच्या आसपास आल्पिग्लेन (१६१५ मीटर) आणि ब्रांडेग (१३३२ मीटर) ही स्टेशनं आहेत. पाय बोलायला लागले की तिथे स्की काढा आणि गाडीत बसा. पास चालतो. ब्रांडेगला सफरचंदाची भजी मिळतात, आणि ती त्या जागेची खरोखरच प्रसिद्ध गोष्ट आहे. वेंगेनच्या बाजूलाही वेंगेर्नआल्प आणि आल्मेंड ही स्टेशनं तशीच कामाची. शाइडेगहून परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते सकाळीच फोटो काढून ठेवा.

आणि एक सापळा. २०२० च्या डिसेंबरपासून आयगर एक्सप्रेस ही केबलकार टर्मिनलहून १५ मिनिटांत आयगरग्लेचरला, २३२० मीटरवर नेऊन सोडतो. सोपं, आरामदायी, म्हणून सगळे त्यात बसतात. पण दार उघडतं ते लाल-काळ्या उतारांच्या तोंडाशी. ‘ब्लॅक रॉक’ ही काळी रन तिथलीच. अर्धंकच्चं वळण येणाऱ्यांनी तिथे स्की बांधायचीच नाही. चुकून पोहोचलात तर युंगफ्राउ रेल्वेची खाली जाणारी गाडी पकडून एक स्टेशन क्लाइने शाइडेगला या. लाज वाटायचं कारण नाही, गाडीत स्की घेऊन उभे असलेले भरपूर दिसतील.

बर्फाळ_बाळू

बोडमीबद्दल थोडा मतभेद. गाव हजार-सव्वाहजार मीटरच्या पट्ट्यात आहे. थंडी टिकली तर बोडमी उत्तमच. पण पाऊस पडून गेला असेल किंवा आठवडाभर ऊन तापलं असेल, तर तिथे दुपारी ओलं भरताड बर्फ होतं. त्यात स्की रुतते आणि नवख्याचे गुडघे पिळवटतात. अशा वेळी कोऱ्या माणसाला प्रशिक्षकासोबत मेनलिशेनच्या माथ्यावरच्या सौम्य जागेत न्या; कोरडं बर्फ शिकायला सोपं. अट एकच, येणं-जाणं गोंडोलाने.

गावाच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या फिर्स्टच्या बाजूचंही सांगतो, कारण वर कुणी बोललं नाही. ते उतार सूर्याकडे तोंड करून आहेत. सकाळी साडेनऊला रात्रीचं गोठलेलं, खडखडीत; साडेदहा ते बारा मस्त; नंतर पिठूळ ओलं. शाइडेगच्या बाजूला आयगर शिखराच्या उत्तर भिंतीची सावली असते, तिथे बर्फ दिवसभर कडक पण एकसारखं. म्हणून ऊन असेल तर उशिरा सकाळी फिर्स्ट आणि ढगाळ असेल तर झाडांच्या पट्ट्यातल्या खालच्या रन. ढगात झाडीच्या वर गेलात की पांढऱ्यावर पांढरं, खड्डा आणि उंचवटा यांत फरकच दिसत नाही. तसं झालंच तर रनच्या कडेच्या खांबांच्या रेषेने उतरा. खांब हा त्या उजेडात एकमेव पट्टी-मोजमाप असतो.

सह्यवेडा

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. स्की आणि बूट भाड्याने घेताना फॉर्मवर वजन, उंची, वय आणि ‘स्कीअर टाइप’ विचारतात. तिथे काय लिहायचं? आणि समजा लाल रनच्या मधोमध बर्फाचा चट्टा लागला, पाय थरथरायला लागले, तर त्या क्षणी नेमकं काय करायचं?

टाचेचा_आवाज

फॉर्मचं सांगतो. त्यावरून बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी कळ) किती जोराला सुटायचं ते ठरतं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी (बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते) आणि टाइप १, २ किंवा ३, एवढ्यावर तक्ता बघून आकडा काढतात. टाइप १ म्हणजे हळू आणि जपून, ३ म्हणजे वेगात आणि तीव्र उतारावर. तुम्ही तिघे टाइप १. लाल आरामात उतरणारी मैत्रीण २.

लोक दोन खोटं बोलतात. वजन कमी सांगतात, मग साध्या वळणावरही स्की निसटते. किंवा टाइप वाढवून सांगतात, मग पडताना स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. दुसरं खोटं जास्त महाग. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तक्त्यात एक पायरी खाली येतात, म्हणून वयही खरं सांगा.

बूट: एकच पातळ लांब मोजा, दोन नकोत. पँट किंवा थर्मलची शिवण बुटात जाता कामा नये, तासाभरात नडगीवर वळ उठतो. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की मागे सरकावा. टाच मात्र कशीही उचलली जाऊ नये. दुकानातच घालून दहा-पंधरा मिनिटं फिरा, जिने चढा. ‘सैल बरा’ हा चपलांचा हिशेब इथे उलटा पडतो: बूट सैल असेल तर पाय वळतो, स्की वळत नाही. स्कीची लांबी नवख्याला हनुवटीपर्यंत पुरे.

बाइंडिंगमध्ये पाय घालण्याआधी काठीने तळव्याचं बर्फ खरवडून काढा. तळव्याखाली दाबून बसलेला बर्फाचा गोळा राहिला तर टाच अर्धवट अडकते. नीट अडकली की ‘खट्’ असा एकच ठाम आवाज येतो. दबका आवाज आला तर परत काढा, परत घाला.

शेवटचीखुर्ची

बर्फाच्या चट्ट्याचं मी सांगते. नाव साइडस्लिप, आणि हे लाल रनवर जाण्याआधी निळीवर मुद्दाम वीस-पंचवीस वेळा करून ठेवायचं.

उताराला आडवे उभे राहा, दोन्ही स्की रनला काटकोनात. वजन दरीकडच्या पायावर. मन ओरडून सांगेल की डोंगराकडे झुका. झुकलात की दरीकडची स्की सुटते आणि तुम्ही कुशीवर. डोंगराकडची स्की अर्धा बूट पुढे, छाती थोडी दरीकडे वळलेली. आता दोन्ही गुडघे डोंगराकडे ढकला: स्कीच्या कडा रुततात, थांबता. गुडघे किंचित दरीकडे सैल करा: कडा उठतात, स्की आडवीच खाली घसरते, जिन्यावरून बसून उतरावं तशी सावकाश. परत गुडघे आत, परत थांबा. एवढंच. याने कुठलीही लाल रन आणि बऱ्याच काळ्या रन उतरता येतात. दिसायला चांगलं दिसत नाही, पण चालतं.

चट्ट्यावरच ब्रेक मारू नका. कडा धरायला तिथे काही नसतंच. निळसर चकाकणारं बर्फ दिसलं की सैल होऊन त्यावरून घसरत जा आणि पलीकडच्या पांढऱ्या, मऊ बर्फावर पकड घ्या. दिवसभरात लोकांनी खरवडलेलं बर्फ रनच्या कडांना साचतं, म्हणून मधोमध कडक आणि कडेला मऊ असतं. नवखा मधोमधच राहतो, कारण कडेला भीती वाटते.

स्की काढून चालत उतरायचा मोह होईल. कडक उतारावर तो शक्यतो टाळा. प्लास्टिकच्या तळव्याला पकड नसते आणि हातातून सुटलेली स्की खाली कुणाच्या तरी पोटात जाते. अगदीच वेळ आली तर रनच्या कडेने, बुटाची टाच रोवत. परत घालताना स्की उताराला आडव्या ठेवून दरीकडची आधी घाला.

रॅकपिनियन

पाट्यांचं राहिलं. ‘गेश्पेर्ट’ म्हणजे बंद, आणि बंद म्हणजे बंद. दोरी एका बाजूने उघडी दिसली तरी. संध्याकाळी शेवटची गस्त गेली की रन बंद होते, कारण मग बर्फ सारखं करणारी यंत्रं येतात. तीव्र उतारावर ती पोलादी दोराला बांधून काम करतात. तो दोर हजार मीटरपर्यंत लांब असू शकतो आणि ताणला गेला की जमिनीपासून अचानक उचलला जातो. अंधारात दिसत नाही. उशिरापर्यंत वर बसून मग स्कीवर घरी निघणाऱ्यांचा खरा धोका हा आहे.

पिवळी रेघ दिसली तर ती ‘पिवळ्या दर्जाची रन’ नाही. ती उतरण्याची वाट: खुणा आहेत, हिमलोटापासून सुरक्षित ठेवलेली आहे, पण यंत्राने सारखी केलेली नाही आणि शेवटची गस्त तिच्यावरून जात नाही. तुमच्यातल्या तिघांसाठी काळीपेक्षाही दूरची.

फॉन (आल्प्समधला उबदार, जोरदार वारा) सुटला तर आधी खुर्ची-लिफ्ट बंद होतात. मेनलिशेन आणि शाइडेग यांना जोडणारी आर्फेनगार्टेनची खुर्ची बंद झाली की एका बाजूहून दुसरीकडे जाणं अवघड होतं. म्हणून दोन-दोनच्या जोड्यांत फुटलात तर भेटायची जागा वर नको, खाली टर्मिनलला ठेवा.

अपघात झाला तर जखमीच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा म्हणजे मागून येणारे वळतात. मग रनच्या नकाशावरचा बचाव पथकाचा नंबर. हेलिकॉप्टरसाठी रेगा ही स्विस हवाई बचाव सेवा, १४१४. रनवरून स्लेजने खाली आणण्याचंही बिल येतं. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ वगळलेत का, ते कलम निघण्याआधी वाचा. असतील तर वेगळा हप्ता भरून घालून घ्या.

बर्फाळ_बाळू

आणि लाउबरहॉर्न. शर्यत जानेवारीच्या मध्यावर असते, त्यामुळे फेब्रुवारीत तुमच्या मैत्रिणीला अडचण यायची नाही. फक्त त्या सकाळी वाट उघडी आहे का ते लिफ्टच्या फलकावर बघा. हुंडशोप्फला थेट कड्यावरून जायचं नाही, बाजूने वळसा घ्यायचा. तिथे उभं राहून खाली बघितलं की टीव्हीवर ते किती सपाट दिसतं हे कळतं. पुढे वासरश्टात्सिओनला वाट रेल्वेच्या पुलाखालून जाते. वरून गाडी जात असेल तर दोन मिनिटं थांबा, फोटो चांगला येतो. शेवटचा टप्पा वेंगेनच्या वरच्या अंगाला संपतो, म्हणजे ती तिकडून रेल्वेने शाइडेगला परत येईल. बाकी तिघांना तेवढ्यात मेनलिशेनच्या दोन फेऱ्या होतात.

सह्यवेडा

ठरलं. पहिला दिवस बोडमी, बर्फ ओलं असेल तर गोंडोलाने मेनलिशेन. आयगर एक्सप्रेस फक्त युंगफ्राउयोखच्या दिवशी, स्कीशिवाय. ग्रुंडपर्यंतची उतरण तिसऱ्या दिवशी सकाळी, तीही होलेनश्टाइनला थांबून पायांना विचारून. ब्रांडेगची भजी मात्र रोज.